फ्लॅटच्या बाथरूममध्ये जड बाथटब बसवताना त्याचे ओझे कसे पेलावे

बाथटब घ्यायचे ठरले की घरातली चर्चा बहुधा त्याचा आकार, रंग आणि नळाचे फिटिंग यांभोवतीच फिरते. पाण्याने भरलेला टब, त्यात बसलेला माणूस आणि टबाभोवती बांधलेला कट्टा मिळून जमिनीवर किती भार येणार, आणि तो भार कोणत्या वाटेने स्लॅबपर्यंत व तिथून बीमपर्यंत (स्लॅबला आधार देणाऱ्या काँक्रीटच्या तुळईपर्यंत) जाणार, हा प्रश्न गवंडी कामाला लागल्यावर निघतो आणि तेव्हा त्याचे उत्तर घाईघाईने दिले जाते. पुढील मजकूर आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटचा) स्लॅब असलेल्या, मुंबई-पुण्याकडे सर्रास आढळणाऱ्या फ्लॅटमधील बाथरूम डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. जुन्या वाड्यांच्या लाकडी माडीविषयी एका परिच्छेदात वेगळे सांगितले आहे, कारण तिथला हिशेब निराळा आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करावी. टबाला आधार देणे म्हणजे त्याच्या खाली विटा सरकवणे नव्हे. टबाच्या तळापासून स्लॅबपर्यंत मधे जे जे थर येतात, म्हणजे लादी, तिच्याखालचा मसाला, कोबा, वॉटरप्रूफिंग आणि भराव, त्यांतील प्रत्येक थराने तो भार न दबता पुढे पोहोचवला पाहिजे. फ्लॅटमध्ये टब बसवल्यावर होणारा त्रास पाहिला, तर स्लॅब खचण्याचे प्रसंग विरळा असतात. लादी तडकणे, टब एका कोपऱ्यात अर्धा सेंटिमीटर बसणे, भिंतीलगतचा सांधा उघडणे आणि त्या फटीतून पाणी खालच्या घराच्या छतावर उतरणे, हेच प्रकार पुन्हा पुन्हा दिसतात. त्या सर्वांचे मूळ मधल्या थरांत असते.

वजनाचा हिशेब

निवासी इमारतीच्या बाथरूमसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो इतका चल भार (माणसे, पाणी, सामान यांचा बदलता भार) धरलेला आहे. स्लॅबचे स्वतःचे वजन, भराव, लाद्या आणि भिंती यांचा भार त्याशिवाय वेगळा धरतात. आता साडेपाच फूट लांब आणि अडीच फूट रुंद असा नेहमीचा टब घेऊ. त्याने व्यापलेली जागा सुमारे १.२८ चौरस मीटर असते. अ‍ॅक्रिलिकचा टब ४० किलोंचा, त्यात २०० लिटर पाणी आणि ८० किलोंचा माणूस धरला तर एकूण ३२० किलो होतात, म्हणजे चौरस मीटरला २५०. तोच टब बिडाचा असेल तर नुसत्या टबाचेच वजन १५० किलोंच्या आसपास जाते आणि बेरीज ४३० किलो, म्हणजे चौरस मीटरला साधारण ३३५ होते. संगमरवराच्या एका अखंड दगडातून कोरलेला सहा फुटी टब ७०० किलोंचा निघाला, तर पाणी आणि माणूस धरून तो हजार किलोंच्या आसपास जातो.

काटेकोरपणे पाहिले तर माणूस टबात उतरतो तेव्हा त्याच्या अंगाच्या आकाराइतके पाणी वर चढते आणि टब आधीच काठोकाठ भरलेला असेल तर ते ओव्हरफ्लोमधून निघून जाते. त्यामुळे पाणी आणि माणूस यांची सरळ बेरीज थोडी जास्तच होते. तरीही ती तशीच धरावी. आधाराचा हिशेब करताना चूक व्हायचीच असेल तर ती जास्त वजनाच्या बाजूला व्हावी.

२५० किंवा ३३५ हे आकडे २०० पेक्षा मोठे आहेत म्हणून लगेच घाबरायचे कारण नाही. स्लॅब हा सलग भाग असतो आणि चल भाराचा हिशेब सगळ्या बाथरूमच्या क्षेत्रफळावर केलेला असतो. पाच फूट बाय आठ फूट बाथरूमचे क्षेत्र ३.७ चौरस मीटर असते आणि २०० च्या हिशेबाने तिथे एकूण ७४० किलोंची तरतूद असते. जिथे टब आहे तिथे माणसांची दाटी होत नाही, उरलेल्या जागेत एखादे माणूस आणि एक बादली एवढाच भार येतो. म्हणून चांगल्या स्थितीतील इमारतीत अ‍ॅक्रिलिकचा टब सहसा चिंतेचा विषय नसतो. बिडाच्या टबाच्या बाबतीत तो कुठे ठेवायचा याला महत्त्व येते. दगडी टब असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरने स्लॅबची जाडी, सळया आणि बीम पाहून लेखी होकार दिल्याशिवाय टबाची आगाऊ रक्कमही भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरे ओझे संकनमध्ये असते

आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेण्याची पद्धत आहे. या खोलगट भागाला साइटवर संकन म्हणतात. जुन्या बांधकामात हा खोलगटपणा फूटभर असतो, भारतीय पद्धतीचे शौचकूप असेल तिथे दीड फूटही असतो. त्यातून पाइप आणि नहाणी ट्रॅप (जमिनीवरचे पाणी जाण्याचे, वास अडवणारे तोंड) बसवल्यावर उरलेली जागा विटांच्या तुकड्यांनी आणि मसाल्याने भरतात. या भरावाचे वजन कोणी सहसा मोजत नाही. ३.७ चौरस मीटरच्या बाथरूममध्ये ३०० मिलिमीटर भराव आणि त्याची घनता घनमीटरला १८०० किलो धरली, तर तो भराव जवळजवळ दोन हजार किलो भरतो. पाण्याने काठोकाठ भरलेल्या, माणूस बसलेल्या बिडाच्या टबाच्या चौपटीहून हे वजन अधिक आहे, आणि ते रात्रंदिवस स्लॅबवर असते.

म्हणूनच टब बसवण्याच्या निमित्ताने बाथरूम पूर्ण फोडायचे असेल, तर टबाला आधार देण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे हा भराव हलका करणे होय. विटांच्या तुकड्यांऐवजी सिपोरेक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हलक्या ब्लॉकचे तुकडे मसाल्यात बसवून भराव केला, तर मसाल्यासकट घनता घनमीटरला साडेसहाशे-सातशे किलोंच्या आसपास राहते आणि वरच्या उदाहरणात स्लॅबवरचा बाराशे किलोंच्या वर भार उतरतो. बिडाचा टब भरून ठेवला तरी ही वजावट त्याच्या दुपटीपेक्षा जास्त आहे. मात्र हा ब्लॉक पाणी ओढतो, म्हणून वॉटरप्रूफिंग दोन ठिकाणी करावे लागते: एकदा उघड्या स्लॅबवर आणि बाजूच्या भिंतींवर, आणि दुसऱ्यांदा भराव झाल्यावर त्याच्या वर, लादीच्या खाली. भरावात पाणी शिरून राहिले तर हलका भराव हलका राहत नाही. टबाचे पाय किंवा तळ जिथे येणार त्या पट्ट्यात तुकडे न वापरता अखंड ब्लॉक मसाल्यात नीट बसवावेत आणि वरून किमान ५० मिलिमीटर जाडीचे, बारीक जाळी घातलेले काँक्रीट टाकावे, म्हणजे भार एका ठिकाणी न दबता पसरतो.

फोडकाम करताना एका गोष्टीकडे सर्रास दुर्लक्ष होते. निघालेला राडारोडा बाथरूमच्या दारात किंवा शेजारच्या खोलीच्या मध्यावर गोण्यांमध्ये रचून ठेवतात आणि त्यातच नव्या कामाची रेती आणि सिमेंट येऊन पडते. सिमेंटची गोणी ५० किलोंची असते. अशा वीस गोण्या एका जागी रचल्या की एक टन होतो. ज्या टबाच्या वजनाची आपण एवढी काळजी करतो, त्याच्या दुपटीहून अधिक भार आठवडाभर एका कोपऱ्यात पडून राहतो. राडारोडा रोजच्या रोज खाली उतरवावा आणि माल लागेल तसा, भिंतीलगत पसरून ठेवावा. फोडकामासाठी मोठे ब्रेकर लावू देऊ नये. छिन्नी-हातोडा किंवा हलके यंत्र पुरते, आणि स्लॅबच्या जवळ पोहोचल्यावर तर हातानेच काम करावे.

टब कोणत्या भिंतीला लावावा

भार आधारापासून जितका दूर, तितका स्लॅब जास्त वाकतो. दोन टोकांना टेकलेल्या पट्टीचा साधा हिशेब घेतला, तर मध्यावर ठेवलेल्या वजनाने जेवढा वाक येण्याची प्रवृत्ती निर्माण होते, त्याच्या निम्म्याहून कमी प्रवृत्ती तेच वजन टोकापासून अंतराच्या एक अष्टमांशावर ठेवल्यास निर्माण होते. म्हणून टब बीमवरच्या भिंतीला चिकटवून ठेवणे हा फुकट मिळणारा आधार आहे. बाथरूमच्या मधोमध उभा राहणारा, चारही बाजूंनी मोकळा टब दिसायला कितीही देखणा असला तरी जड टबासाठी ती सर्वांत गैरसोयीची जागा आहे.

आता बीम कुठे आहे हे कळायचे कसे? सोसायटीकडे आर्किटेक्टचे किंवा आरसीसीचे नकाशे असतील तर ते मागावेत. नसतील तर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जावे, कारण त्यांच्या बाथरूमचे छत म्हणजे आपलाच स्लॅब असतो. संकन असलेल्या बाथरूमच्या चारी बाजूंना बहुधा बीम असतात, आणि त्यामुळे हा छोटा स्लॅब बराच ताठ असतो. पण काही इमारतींत बीम न देता स्लॅबच दुमडून खाली घेतलेला असतो आणि बाथरूम व बेडरूममधली भिंत नुसत्या स्लॅबवर उभी असते. खालच्या घरात आपल्या भिंतीच्या रेषेत खाली उतरलेला बीम दिसत नसेल, तर ती भिंत आधार नव्हे, उलट तीच स्लॅबवरचे ओझे आहे, असे समजावे. खालच्या छताला फॉल्स सीलिंग असेल तर त्याचा एखादा तुकडा काढून आत टॉर्चने पाहण्याची विनंती करावी. पिवळट किंवा तपकिरी डाग, फुगून सुटलेले प्लास्टर, सळईच्या रेषेत गेलेले तडे, उघड्या पडलेल्या गंजलेल्या सळया यांपैकी काहीही दिसले तर टबाचा विचार थांबवून आधी स्लॅबची दुरुस्ती करावी. या भेटीत खालच्या छताचे फोटो तारखेसह काढून शेजाऱ्यांनाही पाठवून ठेवावेत. पुढे ओल दिसली तर ती जुनी की नवी, हा वाद उरत नाही.

इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतींना अशी तपासणी बंधनकारक आहे, त्यामुळे अहवाल सोसायटीच्या दप्तरात असायला हवा. बाथरूम फोडण्यासाठी सोसायटीची लेखी परवानगी कुठेही घ्यावीच. आणि दोन जागा सरळ नाकाराव्यात: बाल्कनी बंद करून केलेले बाथरूम, आणि भिंतीबाहेर लोंबत्या स्लॅबवर असलेली कोणतीही जागा. लोंबत्या स्लॅबच्या मुख्य सळया वरच्या बाजूला असतात आणि तिथे गंज आत शिरला तर तो खालून दिसत नाही.

लाकडी माडी

पुण्यातल्या जुन्या वाड्यात किंवा कोकणातल्या दुमजली घरात वरच्या मजल्यावर टब बसवण्याची इच्छा असेल तर बहुतेक वेळा तो तळमजल्यावर घ्यावा, हाच प्रामाणिक सल्ला आहे. तिथे तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यावर मातीचा थर अशी रचना असते. तुळईचे मधले लाकूड अजून ठणठणीत असले तरी भिंतीत शिरलेले तिचे टोक ओलीने कुजलेले असू शकते, आणि सगळा भार तर त्याच टोकावर टेकलेला असतो. तरीही वरच बसवायचा असेल तर जाणत्या इंजिनीअरकडून तुळयांची टोके उघडून तपासावीत, मातीचा थर काढून टाकावा, टब भिंतीलगत आणि कड्यांना आडवा ठेवावा, म्हणजे त्याचा भार एक-दोन कड्यांवर न पडता चार-पाच कड्यांत विभागला जाईल, आणि लागल्यास खालून लोखंडी आय सेक्शन (इंग्रजी आय अक्षराच्या आकाराची तुळई) देऊन त्याची टोके शाबूत भिंतीवर काँक्रीटच्या बेडवर टेकवावीत. लाकडी जमीन आरसीसीपेक्षा लवचीक असल्यामुळे तिथे अ‍ॅक्रिलिकखेरीज दुसरा टब घेऊच नये.

आहे त्या लादीवर टब ठेवायचा असेल

बाथरूम न फोडता टब ठेवायचा असेल तर सर्वांत आधी लादी वाजवून पाहावी. छिन्नीची लाकडी मूठ किंवा मोठे नाणे घेऊन टब जिथे येणार त्या पट्ट्यातील प्रत्येक लादीचे चारी कोपरे आणि मधला भाग हलकेच ठोकावा. घट्ट बसलेली लादी ठक् असा बंद आवाज देते. पोकळ लादीचा आवाज मोठा आणि घुमणारा येतो. जिथे आवाज घुमला तिथे पेन्सिलने खूण करावी. लादीच्या मधोमध मसाला आहे पण कोपरे पोकळ आहेत, असा प्रकार नेहमीचा असतो आणि नेमके टबाचे पाय कोपऱ्यांवरच येण्याचा संभव असतो. खुणा केलेल्या लाद्या काढून खालचा मसाला पक्का करून पुन्हा बसवाव्यात. दोन-तीनांहून अधिक लाद्या पोकळ निघाल्या तर तो सगळा पट्टा उघडणेच शहाणपणाचे आहे.

पायांवर उभ्या राहणाऱ्या बिडाच्या टबाचा भार पाहू. ४३० किलो चार पायांवर विभागले तर एका पायावर साधारण १०८ किलो येतात, आणि पायाचा तळवा ५ सेंटिमीटर बाय ५ सेंटिमीटर असेल तर चौरस सेंटिमीटरला चार किलोंहून थोडा जास्त दाब पडतो. पक्क्या काँक्रीटला हा दाब काहीच नाही. पोकळ लादीला मात्र तो तोडणारा आहे. शिवाय जमीन एकसारखी नसेल तर चारांऐवजी तीनच पाय टेकतात आणि त्यांतील तिरकस समोरासमोरच्या दोन पायांवर जवळजवळ सगळा भार जातो. म्हणून प्रत्येक पायाखाली २०० मिलिमीटर चौरस आणि १८ ते २० मिलिमीटर जाड ग्रॅनाइटचा तुकडा टाइल अ‍ॅडहेसिव्हच्या पूर्ण थरात बसवावा आणि चारही तुकड्यांची पातळी ट्यूब लेव्हलने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) जुळवून घ्यावी. हे तुकडे ठिपक्या-ठिपक्यांच्या अ‍ॅडहेसिव्हवर बसवले तर पोकळी आपणच तयार केल्यासारखे होते. दातेरी थापीने थर ओढून तुकडा दाबून बसवावा. पाय आणि ग्रॅनाइट यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटर जाडीची कडक रबरी पट्टी द्यावी. मऊ स्पंज किंवा दुमडलेला प्लास्टिकचा कागद घालून डुगडुग थांबवणे चालणार नाही, कारण तो पहिल्याच महिन्यात चपटा होतो.

अ‍ॅक्रिलिक टबाचा तळ

अ‍ॅक्रिलिकच्या टबाची अडचण उलटी असते. तो हलका असतो, पण त्याचा तळ पातळ असून वजनाखाली लवतो. माणूस आत उभा राहिल्यावर तळातून करकर आवाज येत असेल तर तळ आणि आधार यांच्यामध्ये हवा आहे असे समजावे. रोजच्या लवण्याने पुढे निचऱ्याच्या कपलिंगचा (टब आणि निचऱ्याचा पाइप जोडणाऱ्या भागाचा) सांधा सैल होतो आणि गळती तिथून सुरू होते. काही टब लोखंडी फ्रेम आणि फिरवता येणारे पाय यांच्यासह येतात, आणि त्यांच्या सूचनापत्रात तळाखाली मसाला भरू नये असे लिहिलेले असते. तसे असेल तर ती सूचना पाळावी, पायांची उंची जुळवून लॉक नट आवळावेत आणि वर सांगितल्याप्रमाणे पायांखाली पक्की जागा द्यावी. फ्रेम नसलेल्या किंवा तळाला मसाल्याचा आधार चालणाऱ्या टबासाठी पुढची रीत आहे.

आपल्याकडे अशा टबाखाली नुसती रेती भरण्याची सवय आहे. ती सोडावी. टब बसवताना रेती तळाला छान बिलगते, पण कुठून तरी थोडे पाणी आले की ती ओली होते, सरकते, निचऱ्याच्या दिशेने वाहून जाते आणि टब हळूहळू अधांतरी राहतो. विटांच्या दोन ओळींवर टब टेकवणेही तितकेच चुकीचे आहे, कारण त्या दोन रेषांमधला तळ लोंबता राहतो.

योग्य गादी अशी करावी. वॉटरप्रूफिंग झालेल्या आणि तपासलेल्या पृष्ठभागावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा. एक भाग सिमेंट आणि पाच भाग चाळलेली रेती कोरडी मिसळून त्यात बेताचे पाणी घालावे. मसाला बरोबर झाला आहे की नाही हे मुठीत कळते: मूठभर मसाला घट्ट दाबून हात उघडला की गोळा आकार धरून राहिला पाहिजे, बोटांच्या फटीतून पाणी निघता कामा नये, आणि अंगठ्याने टोचताच गोळा फुटला पाहिजे. असा मसाला टबाच्या तळाच्या आकारात सलग न पसरता शेजारी-शेजारी पुंजक्यांनी, शेवटी हव्या असलेल्या जाडीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त उंच ठेवावा. पुंजक्यांमध्ये मोकळी जागा असल्याने टब दाबला की मसाला बाजूला सरकून तळाच्या सगळ्या खोलगट भागांत शिरतो; सपाट थर आधीच केला तर टब त्याच्या उंचवट्यांवरच टेकून राहतो. निचऱ्याच्या आणि ट्रॅपच्या जागेभोवती सहा इंचांपर्यंत मसाला ठेवू नये.

पुंजक्यांवर दुसरा प्लास्टिकचा कागद टाकावा, म्हणजे पुढे कधी टब काढावा लागला तर तो मसाल्याला चिकटून फुटणार नाही, आणि मसाल्यातली ओल टिकून तो नीट घट्ट होतो. मग दोघांनी टब सरळ खाली उतरवून काठावर हळूहळू दाब द्यावा. स्पिरिट लेव्हल टबाच्या काठावर, लांबीत आणि रुंदीत, दोन्हीकडे लावावी. आतल्या तळाला लावू नये, कारण निचऱ्याकडचा उतार कारखान्यातच दिलेला असतो. काठ पातळीत आल्यावर टब सुमारे पाऊण फूट पाण्याने भरून चोवीस तास तसाच ठेवावा. या वजनाने तळ गादीत पक्का बसतो आणि मसाला त्याच आकारात घट्ट होतो. त्यानंतरही टब वापरायला काढण्यापूर्वी आठवडाभर थांबावे. कुणी आत उभे राहू नये आणि त्यात बादल्या, फरशा, हत्यारे ठेवू नयेत.

भिंतीकडच्या काठाखाली स्टेनलेस स्टीलची किंवा जाड अ‍ॅल्युमिनियमची एल पट्टी बसवावी. तिचे काम काठ खाली लवू न देणे एवढेच आहे. टबाचा मुख्य भार तिच्यावर टाकायचा नाही. लाकडी पट्टी ओलीने फुगते आणि वाळवीला आमंत्रण देते, म्हणून ती टाळावी. भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर साधे प्लास्टिकचे गट्टू सैल पडतात. त्या ब्लॉकसाठी मिळणारे खास अँकरच वापरावेत.

पाण्याची चाचणी आणि निचरा

आधार कितीही भक्कम केला तरी त्याखालचे वॉटरप्रूफिंग फुटके असेल तर सगळे काम पुन्हा फोडावे लागते, आणि टबाखालची जागा एकदा झाकली की तिथे कुणाचा हात पोहोचत नाही. म्हणून उघड्या संकनमध्ये वॉटरप्रूफिंग झाल्यावर निचऱ्याचे तोंड बंद करून चार इंच पाणी किमान ४८ तास, शक्य असल्यास ७२ तास साठवून ठेवावे, भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करावी आणि खालच्या घरात सकाळ-संध्याकाळ जाऊन छत हाताने चाचपून पाहावे. डोळ्यांना दिसण्याआधी ओल तळहाताला गार लागते.

टबाखालच्या जमिनीला नहाणी ट्रॅपच्या दिशेने उतार हवा आणि तो ट्रॅप टबाखाली दडलेला असेल तर कट्ट्याला किमान फूट बाय फुटाचे झाकण हवेच. झाकण कुठे द्यायचे हे प्लंबरला सोबत घेऊन ठरवावे, कारण कपलिंगपर्यंत पान्हा पोहोचला पाहिजे. निचऱ्याचा पाइप स्लॅबमधून खाली न्यावा लागत असेल तर आरसीसीत सळया शोधून कोअर कटिंग (गोल भोक कापणाऱ्या) यंत्रानेच भोक पाडावे आणि बीमला कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये. संकनमध्ये उतरवून टब जमिनीच्या जवळ आणण्याची कल्पना वृद्ध माणसांच्या दृष्टीने फार चांगली आहे आणि त्यात भरावही वाचतो. पण टबाचे निचऱ्याचे तोंड ट्रॅपपेक्षा वर राहिले पाहिजे आणि ट्रॅपला उंची लागते, त्यामुळे फूटभर संकनमध्ये टब फार तर पाच-सहा इंच खाली जातो. तेवढ्यानेही पाय टाकणे पुष्कळ सोपे होते.

कट्टा

टबाच्या बाहेरच्या बाजूचा कट्टा विटांचा बांधू नये. साडेचार इंची विटांची, साडेपाच फूट लांब आणि पावणेदोन फूट उंच भिंत प्लास्टर धरण्याआधीच जवळपास दोनशे किलो भरते. म्हणजे टबातल्या पाण्याइतके वजन आपण दिसण्यासाठी कायमचे स्लॅबवर ठेवतो, आणि तेही एका रेषेत. चार इंची हलक्या ब्लॉकचा तोच कट्टा ६० किलोंच्या आत राहतो. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पट्ट्यांच्या सांगाड्यावर सिमेंट बोर्ड लावला तर वजन आणखी घटते आणि झाकण देणेही सोपे जाते. कट्टा आणि टबाचा काठ यांच्यामध्ये पाच मिलिमीटरची फट ठेवावी. कट्ट्याने टबाला वर उचलून धरले तर गादीचा आधार सुटतो.

टब घरात आणण्याची वाटही आधी पाहून ठेवावी. सहा जणांच्या लिफ्टची क्षमता ४०८ किलो असते, त्यामुळे बिडाचा टब आणि तीन हमाल वजनाच्या दृष्टीने बसतात, पण साडेपाच फुटी टब लिफ्टच्या दारातून वळतो का हे मोजून पाहावे. वर आणल्यावर बसवेपर्यंत टब हॉलमध्ये एका काठावर उभा टेकवून ठेवू नये. फळ्या टाकून त्यावर आडवा ठेवावा.

सांधे भरणे आणि पुढची देखरेख

भिंत आणि टब यांच्यामधल्या फटीत पांढरे सिमेंट भरू नये, कारण ते ताठ असते आणि टब भरला की होणारी केसभर हालचालही त्याला सोसत नाही. बाथरूमसाठीचे, बुरशी न धरणारे सिलिकॉन वापरावे. फट कोरडी आणि स्वच्छ करून दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावावी, टब ओव्हरफ्लोच्या जरा खालपर्यंत पाण्याने भरावा आणि मग सिलिकॉन भरावे. भरलेला टब जेवढा खाली बसायचा तेवढा बसलेला असतो, फट सर्वांत मोठी असते, आणि पुढे टब रिकामा झाला की सिलिकॉन ताणले न जाता किंचित दाबले जाते. चोवीस तास पाणी तसेच ठेवून मग सोडावे. सोडताना झाकणातून हात घालून कपलिंगभोवती कोरडा टिश्यू कागद फिरवावा. कागद कोरडा निघाला आणि खालच्या छतावर काही दिसले नाही, तर काम झाले.

पहिले वर्षभर दर तीन महिन्यांनी झाकण उघडून आत टॉर्च मारावी आणि सिलिकॉनच्या रेषेवरून नख फिरवावे. सांधा कुठे सुटलेला आढळला तर जुने सिलिकॉन पूर्ण खरवडून, टब भरून पुन्हा एकदा भरावे. तोच सांधा त्याच जागी दुसऱ्यांदा उघडला तर दोष सिलिकॉनचा नसतो. अशा वेळी टब रिकामा आणि भरलेला अशा दोन्ही अवस्थांत काठापासून भिंतीवरच्या एका खुणेपर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांत मोजावे. एकाच कोपऱ्यात दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडत असेल तर त्या कोपऱ्याखालची गादी किंवा लादी बसली आहे असे धरून टब उचलून ती नव्याने करावी. चारही कोपरे एकदम खाली जात असतील तर टब वापरणे बंद करून इंजिनीअरला बोलवावे आणि खालच्या शेजाऱ्यांनाही त्याच दिवशी कळवावे.